सोसायटीच्या गच्चीवर आकाशदर्शन: आधी तिथी, मग गच्ची, दुर्बीण सगळ्यात शेवटी

पावसाळा संपला की मला फोन यायला लागतात, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं: "दुर्बिणीची सोय झालीये, आता कधी ठेवूया?" क्रम तिथेच उलटा पडतो. दुर्बीण मिळाली म्हणून तारीख धरली जाते, तारीख धरली म्हणून गच्ची उघडली जाते, आणि सव्वाशे माणसं वर आल्यावर कळतं की समोरच्या होर्डिंगचा झोत थेट डोळ्यांत येतोय आणि गुरू पाण्याच्या टाकीमागे गेलाय.

माझा पहिला कार्यक्रम असाच फसला. उपनगरातल्या एका सोसायटीत मी मुद्दाम अमावास्या निवडली होती, आकाश काळं मिळेल म्हणून. ते मिळालं नाही. आठ इंची (म्हणजे आरशाचा व्यास आठ इंच) दुर्बिणीतून मी लोकांना तासभर फिकट डाग दाखवत राहिलो, आणि लोक भिडेखातर "हो हो, दिसलं" म्हणत खाली जेवायला गेले.

खालची तयारी शंभर-सव्वाशे माणसं, दोन दुर्बिणी आणि पाच-सहा स्वयंसेवक धरून लिहिली आहे. माणसं कमी असली तरी क्रम हाच ठेवा.

१. तिथी ठरवा (किमान तीन आठवडे आधी)

कॅलेंडर काढा आणि शुक्ल सप्तमी ते एकादशी या पट्ट्यात शनिवार किंवा रविवार कुठे येतो ते बघा. बहुतेक महिन्यांत एखादा सापडतो. अष्टमी-नवमी असेल तर उत्तम.

अंधारी रात्र हवी हा सल्ला गावाकडच्या आकाशासाठी ठीक आहे. मुंबईत अमावास्येलाही आकाश राखाडी-नारिंगीच असतं, त्यामुळे तेजोमेघ (वायू आणि धुळीचे ढग) आणि दीर्घिका (लांबच्या आकाशगंगा) इथे विसराच. ज्यांना त्या बघायच्या आहेत त्यांनी खगोल मंडळासारख्या संस्थांचे वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम होतात, तिकडे जावं. शहराच्या उजेडाला न जुमानणारी वस्तू म्हणजे चंद्र, आणि तो अर्धा असतानाच बघण्यासारखा असतो. अष्टमीच्या सुमाराला उजेड आणि अंधाराच्या सीमेवर ऊन तिरपं पडतं, विवरांच्या सावल्या लांबतात आणि खोली दिसते. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागून चंद्रावर समोरासमोर पडतो, सावल्या जवळजवळ नाहीशा होतात आणि चंद्र सपाट थाळीसारखा दिसतो. मुलांना हे रस्त्यावरच्या खड्ड्यांवरून सांगा. भर दुपारी खड्डा पटकन ओळखू येत नाही, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात लगेच येतो. मुंबईच्या मुलांना उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही.

चंद्रानंतर ग्रह. मागच्या वर्षी जमलेली तारीख यंदा उचलू नका. गुरू सूर्याच्या बरोबर समोर साधारण तेरा महिन्यांनी येतो, शनी साडेबारा महिन्यांनी, त्यामुळे त्यांचा हंगाम दरवर्षी पुढे सरकतो. स्टेलेरियम हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडा, आपली जागा आणि संध्याकाळी साडेसातची वेळ टाका, आणि दोघांपैकी कोण क्षितिजापासून तीस अंशांच्या वर आहे ते बघा. त्याच्या खाली असेल तो इमारती आणि धुरक्यात गेला असं समजा.

> तपासा: त्या शनिवारी परीक्षा, सोसायटीची सभा किंवा क्रिकेटची फायनल नाही ना? दुसऱ्या दिवसाचा रविवार राखीव म्हणून आधीच जाहीर करा. "ढग आले तर बघू" असं म्हटलं की दुसऱ्या दिवशी कुणी येत नाही.

जून ते सप्टेंबर हा उद्योग करू नका.

२. गच्ची रात्रीच बघा (एक आठवडा आधी)

दुपारी गच्ची बघून हरखून जाण्यात अर्थ नाही. कार्यक्रमाच्या वेळेलाच वर जा आणि अर्धा तास नुसते उभे राहा. कुठला हॅलोजन कुणाच्या मीटरवर आहे, तो बंद करायला कुणाला सांगायचं, होर्डिंग कुठल्या बाजूला आहे, टाकी आणि लिफ्टची खोली किती आकाश खातात, हे कागदावर उतरवा. दक्षिण आणि पश्चिम मोकळी हवी. रात्र चढेल तसा अष्टमीचा चंद्र तिकडेच कलत जातो.

दुर्बीण लिफ्टच्या खोलीपासून जितकी लांब तितकी बरी. लिफ्ट सुरू झाली की स्लॅब किंचित थरथरतो, आणि शंभरपट मोठ्या केलेल्या चित्रात ती थरथर सरळ दिसते. दिवसभर तापलेली गच्ची सूर्यास्तानंतर दोन तास तरी गरम हवा सोडत राहते, त्यातून ग्रह उकळत्या पाण्यातल्यासारखा हलतो. एसीचे बाहेरचे डबे कठड्याला लावलेले असतील तर त्यांच्यावरून जाणारी नजर टाळा. दुर्बीण मांडायच्या जागी दुपारनंतर दोन बादल्या पाणी मारलं तर बराच फरक पडतो, पण फरशी वाळायला वेळ ठेवा.

कठडा छातीइतका नसेल तर कार्यक्रम पोडियमवर किंवा अंगणात घ्या. चंद्र आणि गुरू तिथूनही तेवढेच दिसतात, आणि गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना वर चढावं लागत नाही. गच्चीचा हट्ट आपलाच असतो, आकाशाचा नसतो.

सेक्रेटरींकडून परवानगी लेखी घ्या. वॉचमनला तारीख, वेळ आणि चावी कुणाकडे असेल ते स्वतः सांगा. चावी घेऊन कुणीतरी लग्नाला गेलेलं असणं हे मी दोनदा अनुभवलं आहे.

३. काय दाखवायचं ते चारच गोष्टींत बसवा

यादी लांबली की प्रत्येक गोष्ट घाईत उरकली जाते. माझी नेहमीची यादी अशी: पहिल्या दुर्बिणीत चंद्र, दुसऱ्या दुर्बिणीत गुरू किंवा शनी, द्विनेत्रीतून (बायनॉक्युलरमधून) कृत्तिका हा ताऱ्यांचा पुंजका, आणि नुसत्या डोळ्यांनी ध्रुव.

गुरूच्या बाजूला एका रेषेत चार चंद्र दिसतात. कधी तीनच दिसतात, कारण एखादा त्याच्या पुढे किंवा मागे असतो. तीन दिसले तर घाबरू नका, उलट "चौथा कुठे गेला?" हा त्या रात्रीचा चांगला प्रश्न होतो. शनीची कडी २०२५ मध्ये आपल्याला धारेवर, सुरीच्या पात्यासारखी दिसत होती. पुढची काही वर्षं ती हळूहळू उघडत जाणार आहे, त्यामुळे चित्रातल्यासारखी रुंद कडी दाखवू असं पोस्टरवर लिहू नका.

कृत्तिका मुंबईतून नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपका दिसतात. १०×५० च्या (दहा पट मोठं दाखवणाऱ्या, ५० मिलिमीटर भिंगाच्या) द्विनेत्रीत तोच ठिपका फुटून मूठभर हिरे होतात.

ध्रुव दाखवताना आधी सगळ्यांना बोटाने दाखवायला सांगा. निम्मे लोक आकाशातला सगळ्यात ठळक तारा दाखवतील. ध्रुव ठळक नाही, मध्यम आहे. क्षितिजापासून त्याची उंची आपल्या अक्षांशाइतकी, म्हणजे मुंबईत सुमारे १९ अंश. हात सरळ लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश भरते. उत्तरेला क्षितिजावर मूठ, तिच्यावर दुसरी मूठ, तिथे ध्रुव. बऱ्याच सोसायट्यांत दोन मुठींवर समोरची विंग असते. मग "ध्रुव सी विंगच्या सहाव्या मजल्यामागे आहे" हे सांगणंही चालतं, मुलं ते जन्मभर विसरत नाहीत.

अंतराळ स्थानक त्या संध्याकाळी मुंबईवरून जाणार असेल तर बोनस. वेळ आधी बघून ठेवा, कारण चार-पाच मिनिटांत खेळ संपतो.

४. दुर्बिणीची तालीम (दोन दिवस आधी)

सहा किंवा आठ इंची डॉब्सोनियन सर्वांत सोपी, कारण ती जमिनीवर ठेवायची आणि हाताने फिरवायची. आणाल ती दुर्बीण कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा उघडू नका. शोधक दुर्बीण (नेम धरायला नळीवर बसवलेली छोटी दुर्बीण) आणि मुख्य नळी एकाच जागी रोखलेल्या आहेत की नाही ते उजेड असतानाच, लांबच्या एखाद्या टॉवरच्या अँटेनावर जुळवा. अंधारात हे करायला गेलात की पहिली वीस मिनिटं तिथेच जातात.

> सावधान: ही जुळवणी सूर्य मावळल्यावर, संधिप्रकाशातच करा. दिवसा नळीला आणि शोधक दुर्बिणीला, दोन्हींना झाकण. सूर्याकडे वळलेल्या उघड्या दुर्बिणीत क्षणभर डोकावलं तरी डोळा कायमचा जातो. आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) लावायचा "सन फिल्टर" कुणी दिला तर तो वापरू नका. उष्णतेने तो तडकतो.

जास्त मोठं दिसावं म्हणून सगळ्यात ताकदीचा आयपीस लावणं ही नेहमीची चूक. १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (आरसा जेवढ्या अंतरावर प्रकाश एकत्र आणतो ते) नळीला २५ मिलिमीटरचा आयपीस लावला की चित्र ४८ पट मोठं होतं, १० चा लावला की १२० पट. पण पृथ्वी फिरते आहे. ४८ पटीला वस्तू मध्यापासून कडेला जायला दोनेक मिनिटं लागतात, १२० पटीला मिनिटसुद्धा नाही. म्हणजे मोठ्या पटीला दर दुसऱ्या माणसाला दुर्बीण पुन्हा जुळवावी लागते, आणि तिसऱ्याला काळं आकाश दिसतं. चंद्राला २५ चा ठेवा. ग्रहाला १० चा, पण तिथे जुळवणारा हात कायम नळीशेजारी हवा.

५. अंधार पडेपर्यंत: नारळ, लिंबू आणि खडी

लोकांना सूर्यास्तालाच बोलवा. मुंबईत संधिप्रकाश लवकर सरतो, चाळीसेक मिनिटांत कामाला लागता येतं. त्या चाळीस मिनिटांत भाषण ठेवू नका. पाहुण्यांचा सत्कार तर नकोच.

एक सोललेला नारळ घ्या, साधारण १२ सेंटिमीटर व्यासाचा. ही पृथ्वी. त्या मापाने चंद्र म्हणजे सव्वातीन सेंटिमीटरचं लिंबू. एका मुलाच्या हातात नारळ द्या, दुसऱ्याच्या हातात लिंबू, आणि विचारा, चंद्र किती लांब उभा राहील? पहिला अंदाज जवळजवळ नेहमी हातभराचा येतो. मग मोठी माणसं "अजून थोडा मागे, अजून" ओरडायला लागतात आणि दोन हातांवर थांबतात. खरं अंतर पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट, म्हणजे साडेतीन मीटरच्या थोडं वर. टेप घेऊन मोजा, अंदाजाने पावलं टाकू नका. लिंबूवाला मुलगा मागे मागे जात टाकीला टेकतो, तेव्हा गच्ची गप्प होते. मग विचारा, अंतराळ स्थानक कुठे? उत्तर आहे नारळाच्या सालीपासून चार मिलिमीटरवर. आणि सूर्य? चार मजली इमारतीएवढा, जवळजवळ दीड किलोमीटरवर. आपल्या गच्चीपासून तेवढ्या अंतरावरचं ठिकाण आधी नकाशात शोधून ठेवा.

त्यानंतर खडी. कुठल्याही बांधकामाजवळ मिळणारी काळी-निळसर खडी पंधरा-वीस तुकडे धुऊन आणा (रेल्वेच्या रुळांमधून उचलू नका). हा बेसॉल्ट, थिजलेला लाव्हा. मुंबईच्या पायाखालचा हा खडक साधारण सहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, अंधेरीचा गिल्बर्ट हिल त्याचाच उभा सुळका. तुकडा मुलाच्या हातात द्या आणि अजून काही सांगू नका. रांगेत तो हातात तसाच राहू दे. चंद्र बघून झाला की मग सांगा: आत्ता जे काळे पट्टे दिसले, ज्यात आपण ससा शोधतो, तेही थिजलेल्या लाव्ह्याचेच. १९६९ साली अपोलो ११ तिथून दगड घेऊन आलं, तो बेसॉल्ट निघाला. वय मात्र साडेतीन अब्ज वर्षांहून जास्त. हा क्रम उलटा करू नका. आधी सांगितलं तर ती नुसती माहिती होते. बघून झाल्यावर सांगितलं की मूल मूठ उघडून दगडाकडे पुन्हा बघतं.

६. रांग

कार्यक्रम बिघडतो तो इथे. हिशेब आधी करा: १२० माणसं, प्रत्येकी ४० सेकंद, एक वस्तू, एक दुर्बीण, म्हणजे ८० मिनिटं. दोन दुर्बिणींवर दोन वस्तू समांतर चालल्या तर दीड-पावणेदोन तासांत सगळ्यांचं सगळं बघून होतं. दुर्बिणीत तिसरी वस्तू घुसवली की रात्रीचे दहा वाजतात आणि लहान मुलं रडायला लागतात.

प्रत्येक दुर्बिणीला दोन माणसं. एक दुर्बीण जुळवणारा, दुसरा फक्त रांग बघणारा. रांग बघणाऱ्याला खगोलशास्त्र येत नसलं तरी चालतं, आवाज मोठा हवा. दोन पायऱ्यांचं भक्कम स्टूल ठेवा, खुर्चीवर खुर्ची नको. सहा वर्षांखालच्या मुलांना रांगेत पहिले घ्या, त्यांचा धीर आणि झोप दोन्ही कमी असतात. प्रत्येकाला एकच वाक्य सांगा: "हात पाठीमागे, डोळा जवळ." हात मोकळे असले की माणूस नळीला धरतोच. एक डोळा मिटता येत नसेल तर तो तळहाताने झाकायला सांगा. चष्मा आहे त्यांनी तो लावूनच बघावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "दिसलं का?" हा प्रश्न विचारायचाच नाही. मागे रांग आहे, सगळे बघताहेत, अशा वेळी न दिसलेलाही माणूस हो म्हणतो. त्याऐवजी उत्तर द्यावंच लागेल असं विचारा: "गुरूच्या बाजूला ठिपके किती?" "चंद्राची कड कुठल्या बाजूला खडबडीत आहे?" उत्तर अडलं तर नळी सरकली आहे असं समजा, जुळवा आणि त्यालाच पुन्हा बघू द्या. एकदा एका आजोबांनी ठिपके "भरपूर" असल्याचं सांगितलं. बघतो तर नळी समोरच्या टॉवरच्या खिडक्यांवर होती, आणि आधीचे सात जण आनंदाने हो म्हणून गेले होते.

डॉब्सोनियनमध्ये चित्र उलटं दिसतं हे रांगेतच सांगून ठेवा, नाहीतर प्रत्येक जण तेच विचारतो.

> तपासा: दर दहा माणसांनी आयपीसची काच बघा. पापण्यांचं तेल आणि काजळ लागलेलं असतं. घडी केलेल्या मऊ सुती कापडाने हलकेच टिपा, शर्टाने पुसू नका.

मोबाइलने फोटो काढायला शेवटची पंधरा मिनिटं वेगळी ठेवा आणि ते सुरुवातीलाच जाहीर करा. रांगेत एकाने मोबाइल काढला की पुढचे वीस जण काढतात. चहा-वडे दुर्बिणीच्या विरुद्ध टोकाला, नाहीतर गर्दी आणि चिकट बोटं दोन्ही तिथेच जमतात.

७. प्रश्न येतील ते

"चंद्रयान दिसेल का?" हमखास येणार. चंद्रयान ३ हे २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे, सुमारे ६९ अंश दक्षिणेला उतरलं. अष्टमीला तो भाग उजेडात असतो, त्यामुळे जागा कुठल्या बाजूला आहे ते दाखवता येतं. यान दिसत नाही. आठ इंची दुर्बिणीत चंद्रावरची दीड-दोन किलोमीटरची वस्तू जेमतेम कळते, यान काही मीटरचं आहे.

"शनी बघितल्याने काही होत नाही ना?" हेही येतं, बहुतेक वेळा हळू आवाजात. हसू नका. "बघा आणि मलाच सांगा" एवढं म्हणून डोळा लावू द्या. बघून झाल्यावर त्याच काकू शेजारणीला बोलावून आणतात.

तिथी मुलांना विचारू नका, आजींना विचारा. त्यांना ती पाठ असते, आणि नातवंडांसमोर ती सांगताना त्या कार्यक्रमाचा भाग होतात.

८. पुढचा टप्पा चौपाटीवर, पण दुसऱ्या दिवशी नको

उत्साहात लोक रविवारी सकाळीच ओहोटीचे खडक बघायला निघतात. अष्टमीला भरती भांगाची असते. पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, आणि खडक उघडे पडत नाहीत. पौर्णिमेपर्यंत थांबा.

किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला आणि ओहोटी बाराच्या. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या द्वितीयेला भरती दीडला, म्हणून सकाळची ओहोटी पावणेआठच्या आसपास, तीही उधाणाची. मुलांना घेऊन जायला याहून चांगली वेळ नाही. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून वर्तमानपत्रातली भरती-ओहोटीची वेळ पडताळूनच निघा.

पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पोचा. पायात चप्पल नको, मागून पट्टा असलेले सँडल हवेत. हिरव्या शेवाळावर पाय ठेवायचा नाही, काळ्या कोरड्या खडकावरच ठेवायचा. गच्चीवरची खडी सोबत आणायला सांगा, तोच दगड इथे पायाखाली सापडतो का ते मुलं स्वतः शोधतात. एका मोठ्या माणसाने पाठ समुद्राकडे न करता फक्त पाण्यावर लक्ष ठेवायचं, दगडांत रमायचं नाही. आल्या आल्या पाण्याच्या कडेचा एक खडक हेरून ठेवा. त्याच्या मागची खाच पाण्याने भरायला लागली की, मुलं कितीही "अजून पाच मिनिटं" म्हणोत, सगळ्यांना घेऊन वर या.